पंपावरचा आकडा काय सांगतो? किशोरवयीन मुलांचा दमा आणि मोबाइल ॲप

तपासणीच्या खोलीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पंप रोज घेतेस ना?" पंधरा वर्षांची मुलगी "हो" म्हणते, शेजारी बसलेली आई काही बोलत नाही, आणि डॉक्टर पंप, म्हणजे दम्याचे औषध श्वासावाटे देणारा इन्हेलर, हातात घेऊन त्याच्या पाठीवरची, उरलेल्या मात्रा दाखवणारी छोटी खिडकी पाहतात. पंप १२० मात्रांचा आहे, सकाळी दोन आणि रात्री दोन फवारे ठरलेले आहेत आणि तो सुरू करून २१ दिवस झाले आहेत, तेव्हा खिडकीत ३६ दिसायला हवेत. तिथे ८३ दिसतात. म्हणजे ८४ फवाऱ्यांपैकी घेतले गेले ३७, निम्म्याहूनही कमी. मुलगी जाणूनबुजून खोटे बोलली असे म्हणता येणार नाही. मधले एकदोन दिवस वगळता आपण औषध घेतले आहे, असे तिला खरोखरच वाटत होते.

दम्यासाठी मोबाइल ॲप वापरून पाहा, असा सल्ला अलीकडे बऱ्याच पालकांच्या कानावर पडू लागला आहे, आणि श्वासाच्या आजारात मोबाइल काय दिवे लावणार, ही त्यावरची पहिली प्रतिक्रिया अगदी स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ३६ आणि ८३ यांच्यातल्या अंतरात आहे. ते अंतर इतके महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी मात्र आधी आजाराकडे पाहावे लागते.

## दम्यात नेमके काय बिघडते

फुप्फुसांत हवा नेणाऱ्या आणि बाहेर आणणाऱ्या नळ्यांना श्वासनलिका म्हणतात. दमा असलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिकांच्या अस्तराला आतून सूज असते, आणि काहीही त्रास जाणवत नसतो त्या दिवसांतही ती बहुधा पूर्ण गेलेली नसते. अशा चिडलेल्या नळ्यांना धूळ, परागकण, धूर, थंड कोरडी हवा किंवा साधी सर्दी पुरते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, सूज वाढते, चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. नळीतून हवा संथपणे वाहत असेल तर भौतिकशास्त्राचा नियम असा आहे की नळीची रुंदी निम्मी झाली की अडथळा सोळापट वाढतो. थोड्याशा सुजेने एवढी धाप का लागते, याचा उलगडा यातून होतो. छातीत घरघर ऐकू येते ती याच अरुंद वाटेतून हवा जोराने बाहेर पडताना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी त्याने सुमारे ४ लाख ५५ हजार मृत्यू झाले. मुलांमधला हा सर्वांत जास्त आढळणाऱ्या दीर्घकालीन आजारांपैकी एक आहे.

औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात, आणि सगळा घोटाळा याच दोन प्रकारांच्या सरमिसळीतून होतो. पहिले आराम देणारे औषध. साल्ब्युटामोल हे त्याचे परिचित उदाहरण आहे. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. दुसरे नियंत्रक औषध, म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. ते सूज उतरवते, पण त्याचा पूर्ण गुण यायला दिवस आणि कधी आठवडे लागतात. राखेखाली निखारा धुमसत असताना खिडकी उघडली की धूर बाहेर जातो आणि घरातल्यांना बरे वाटते. निखारा जागच्या जागी असतो. आराम देणारा पंप खिडकी उघडतो, नियंत्रक पंप निखारा विझवतो. अडचण अशी की खिडकी उघडल्याचे लगेच जाणवते आणि निखारा विझत असल्याचे कोणालाच जाणवत नाही.

दम्याच्या उपचारांचे मार्गदर्शन करणाऱ्या 'गिना' या आंतरराष्ट्रीय संस्थेने म्हणूनच २०१९ मध्ये भूमिका बदलली आणि बारा वर्षांवरील कोणालाही केवळ आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, असे सांगितले. दोन्ही औषधे एकत्र असलेला पंपही आता अनेकांना दिला जातो. केवळ आरामावर विसंबल्याने काय होते, याचे चित्र ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंच्या २०१४ मधील राष्ट्रीय आढाव्यात दिसले. ज्यांच्या आराम देणाऱ्या पंपांची संख्या नोंदलेली होती, त्यांच्यापैकी ३९ टक्के रुग्णांना आधीच्या वर्षभरात असे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. महिन्याला एकाहून अधिक पंप संपत होता आणि ही धोक्याची घंटा कोणाला ऐकू आली नव्हती. मृतांमध्ये दहा ते एकोणीस वर्षांची मुलेही होती.

## नेमके याच वयात औषध का सुटते

नऊ वर्षांच्या मुलाला पंप देण्याचे काम घरातले मोठे करतात. सोळाव्या वर्षी ते काम मुलाचे झालेले असते. पण ते त्याच्याकडे केव्हा आणि कसे आले, हे विचारले तर घरात कोणालाच सांगता येत नाही. आईवडील गृहीत धरतात की मोठा झाला, घेत असेल; मुलगा गृहीत धरतो की गरज पडली तर कोणीतरी आठवण करील. या दोन गृहीतकांच्या मध्ये औषध राहून जाते. नियंत्रक औषध घेण्यातली किशोरवयीन मुलांची नियमितता अनेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली आढळली आहे.

त्यात विसर पडणे हा एक भाग झाला. मित्रांसमोर पंप काढायची लाज वाटते. आज बरे वाटते आहे, तर औषध कशाला, हा विचार मोठ्या माणसांनाही सुटत नाही, मग या वयाची काय कथा. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य घरातल्याच कोणीतरी अनेकदा उच्चारलेले असते. ते खरे नाही. नियंत्रक औषधाने व्यसन लागत नाही, आणि ते बंद केल्यावर त्रास परततो तो मूळ सूज परतल्यामुळे. स्टिरॉइडच्या भीतीला थोडा आधार आहे आणि तो लपवू नये. लहानपणापासून हे औषध घेतलेल्या मुलांच्या दीर्घ पाठपुराव्यात प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरली. एका पारड्यात तो सेंटिमीटर आणि दुसऱ्या पारड्यात वारंवार येणारे झटके ठेवले तर वजन कुठे पडते हे उघड आहे, पण निर्णय मुलाला समजावून व्हावा, दडपून नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. आज वापरतो तसा मोजून फवारा देणारा पंप १९५६ मध्ये बाजारात आला, आणि त्याची सुरुवात दमा असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नातून झाल्याचे सांगतात. जुने काचेचे फुगेवाले उपकरण बाळगायला तिला जड जात असे, तेव्हा केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे आपले औषध का मिळत नाही, असे तिने वडिलांना विचारले. वडील रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख होते. मुलांना उपकरणात काय खटकते हे मुलांनाच विचारावे, याचा इतका जुना दाखला असूनही आजची कित्येक ॲप मोठ्यांनी मोठ्यांच्या कल्पनेने बनवलेली असतात.

## ॲप करते तरी काय

सर्वांत साधे ॲप ठरलेल्या वेळी आठवण करते. त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. ती घंटा कानाला सरावू शकते आणि मग बोट आपोआप ती बंद करू लागते.

त्याहून उपयोगी ॲपमध्ये नोंदवही असते. रात्री खोकल्याने जाग आली का, खेळताना थांबावे लागले का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, असे चारपाच प्रश्न ते विचारते आणि उत्तरांची बेरीज करून दमा कितपत ताब्यात आहे हे दाखवते. डॉक्टर वापरतात ती 'दमा नियंत्रण चाचणी' अशीच पाच प्रश्नांची आहे. ती मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते, गुण ५ ते २५ मिळतात, आणि २० किंवा जास्त गुण म्हणजे दमा आटोक्यात. चार आठवड्यांचे नीट आठवणे अवघड असते. आठवड्याच्या आठवड्याला नोंद झाली की स्मरणशक्तीवर भिस्त राहत नाही.

कृती आराखडा हा या सगळ्याचा कणा म्हणता येईल. त्रास कोणत्या पातळीवर गेला की काय करायचे, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले असते आणि ते बहुधा सिग्नलच्या रंगांत मांडलेले असते. पीक फ्लो मीटर नावाच्या छोट्या नळीत जोराने फुंकले की श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते कळते. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० टक्क्यांत पिवळा आणि त्याखाली लाल, असा सर्वसाधारण हिशेब असतो. ब्रिटनमधल्या त्या १९५ जणांपैकी केवळ २३ टक्क्यांना लेखी आराखडा मिळाल्याची नोंद होती. आराखड्याचा कागद कुठेतरी खणात जातो, मोबाइल मात्र खिशात असतो, आणि रात्री दोन वाजता धाप लागल्यावर हा फरक लहान राहत नाही.

मग येतो सेन्सर, म्हणजे पंपावर टोपीसारखा बसणारा छोटा तुकडा. पंप दाबला की तो वेळ टिपतो आणि ब्लूटूथने मोबाइलला कळवतो. आधीच्या सर्व प्रकारांत मुलाने सांगितलेले नोंदले जाते. इथे पंप स्वतःच सांगतो.

काही ॲप हवेतले प्रदूषण आणि परागकण यांचीही सूचना देतात. हा भाग शोभेचा वाटत असेल तर २१ नोव्हेंबर २०१६ ची मेलबर्नमधली संध्याकाळ आठवावी. वादळी पावसाबरोबर गवताचे परागकण फुटून हवेत पसरले, हजारो लोकांना एकाच वेळी श्वासाचा त्रास सुरू झाला आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथे अशा दिवसांचा अंदाज मोबाइलवर देण्याची व्यवस्था झाली.

## नोंदीतून काय निघते

सुरुवातीच्या मुलीकडेच परत जाऊ आणि तिच्या दोन्ही पंपांवर सेन्सर होते असे समजू. त्या २१ दिवसांचा तक्ता मोबाइलवर उघडला तर सकाळचे रकाने बहुतेक भरलेले आणि रात्रीचे बहुतेक रिकामे दिसतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी तर रात्रीचे सगळेच रिकामे, कारण त्या दिवशी ती सरावाहून उशिरा येते, जेवते आणि झोपते. त्याच तक्त्यात आराम देणाऱ्या पंपाच्या खुणा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पहाटे दिसतात.

'तू निष्काळजी आहेस' या वाक्याला इथे जागाच उरत नाही. प्रश्न रात्रींचा आहे, त्यातही सरावाच्या तीन रात्रींचा, आणि त्यावर उपाय निघू शकतो. पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवता येईल, किंवा दिवसातून एकदाच घ्यायचे नियंत्रक औषध चालेल का हे डॉक्टर पाहू शकतील. उलटही घडते. नोंद पूर्ण भरलेली असते आणि तरीही त्रास थांबत नाही. मग फवारा नीट आत जातो का, घरात कोणी धूम्रपान करते का, की निदानच तपासावे लागेल, हे शोधता येते. अशी नोंद नसेल तर डॉक्टर बिचारे औषधाचा डोस वाढवतात, आणि न घेतलेल्या औषधाचा डोस वाढवून काय उपयोग, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते ॲपची खरी किंमत या नोंदीत आहे; आठवणीची घंटा औषध घ्यायला लावते, पण ते का सुटले हे सांगत नाही.

## पुरावा किती भक्कम आहे

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड येथे दम्याच्या झटक्यामुळे रुग्णालयात आलेल्या ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांच्या पंपांना वापर नोंदवणारे उपकरण लावले होते, पण निम्म्यांच्याच उपकरणाची आठवण करणारी घंटा चालू होती. घंटावाल्या गटाची नियमितता ८४ टक्के आली, दुसऱ्या गटाची ३० टक्के. दम्याचे नियंत्रणही सुधारले, मात्र शाळा बुडण्याच्या दिवसांत लक्षणीय फरक पडला नाही.

नेदरलँड्समध्ये १२ ते १८ वर्षांच्या २३४ मुलांवर औषध दुकानांमार्फत एका ॲपचा प्रयोग झाला. त्यात लक्षणांची प्रश्नावली, छोटे व्हिडिओ, आठवण, समवयस्कांशी आणि औषधविक्रेत्याशी गप्पा असे सगळे होते. ज्यांची नियमितता मुळात कमी होती त्यांची सुधारली. आधीच नियमित असलेल्यांना फारसा लाभ झाला नाही, आणि एकूण दम्याच्या नियंत्रणात सुधारणा दिसली नाही. मला हा निकाल निराशाजनक वाटत नाही. चष्मा ज्याला लागतो त्यालाच लावल्यावर फरक पडतो.

अशा डिजिटल उपायांचा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेतला, त्यात सर्व वयांचे रुग्ण होते. नियमितता सरासरी सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाने वाढली, म्हणजे ठरलेल्या शंभर मात्रांमागे सुमारे पंधरा मात्रा जास्त घेतल्या गेल्या, आणि झटक्यांचे प्रमाणही कमी झाल्याचे दिसले. वर्षानुवर्षे वापरल्यावर काय होते, हे सांगणारे अभ्यास अजून थोडे आहेत. प्रयोग सहा महिन्यांचा असतो आणि आजार सोबतीला राहणारा.

## "मोबाइल आधीच हातातून सुटत नाही, त्यात हे आणखी कशाला?"

आक्षेप रास्त आहे, पण तो वेळेचा असेल तर चांगल्या ॲपला दिवसाला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि सेन्सर असेल तर तेही नाही. जे ॲप गुण, बक्षिसे आणि खेळ यांनी मुलाला तासन्तास आत ठेवू पाहते, त्याचा दम्याशी संबंध पातळ झाला असे खुशाल समजावे.

## "ही तर मुलावर पाळत झाली"

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चुकलेल्या प्रत्येक फवाऱ्याची वर्दी आईवडिलांच्या मोबाइलवर जात असेल तर मूल काय करील, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासावरून समजते. त्यात फुप्फुसांच्या तपासणीसाठी येणाऱ्या प्रौढांच्या पंपांत वेळ टिपणारे यंत्र होते. काहींनी अवघ्या तीन तासांत शंभराहून जास्त वेळा पंप दाबला होता, बहुधा तपासणीला येण्याच्या थोडे आधी, तोही हवेत, केवळ डबा रिकामा दिसावा म्हणून. प्रौढ माणसे डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून एवढे करतात, तर घरच्या बोलण्याला वैतागलेले पंधरा वर्षांचे मूल काय करणार नाही?

म्हणून कोणाला काय दिसेल, हे सुरुवातीलाच मुलाला सोबत घेऊन ठरवणे आवश्यक आहे. डॉक्टरांना पूर्ण तक्ता, पालकांना आठवड्याचा गोषवारा आणि आराम देणारा पंप वारंवार लागू लागला तर तातडीची सूचना, अशी विभागणी बऱ्याच घरांना पटण्यासारखी आहे. सूचना आल्यावर विचारायचा पहिला प्रश्न "औषध का नाही घेतलेस" हा नसावा, "आज श्वास कसा आहे" हा असावा.

घराबाहेरही डोळे असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये औषधांच्या सवलती देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीवर, ग्राहकांच्या आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत पोहोचवल्याबद्दल कारवाई केली. तेव्हा फुकट ॲप कशावर चालते हे पाहावे, आणि दम्याची नोंद ठेवण्यासाठी फोनमधले संपर्क आणि छायाचित्रे मागणाऱ्या ॲपला सरळ नकार द्यावा. ठावठिकाणा फक्त हवेच्या सूचनेसाठी लागतो आणि तोही ढोबळ पुरतो. शिवाय ॲप बंदही पडतात. अंगभूत सेन्सर असलेल्या पहिल्या डिजिटल इन्हेलरला अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली होती. २०२४ मध्ये कंपनीने ती मालिकाच बाजारातून काढून घेतली. नोंद स्वतःकडे उतरवून घेण्याची सोय नसेल तर वर्षाची नोंद एका दिवसात जाते.

## जे ॲपला दिसत नाही

पंप दाबला गेला एवढेच बहुतेक सेन्सरना कळते. औषध फुप्फुसात गेले की जिभेवर बसले, हे कळत नाही. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग फवारा उडताच हळू आणि खोल श्वास घ्यायचा आणि सुमारे दहा सेकंद रोखायचा. कोरड्या भुकटीच्या उपकरणात उलट, श्वास जोराने ओढावा लागतो. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर ही पोकळ नळी जोडली तर वेळ साधण्याची कसरत बरीच कमी होते. हे व्हिडिओवरून समजते, पण ते बरोबर जमते आहे की नाही, हे कोणीतरी समोर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, हेही सेन्सरला दिसत नाही.

आणि झटका आलेला असताना ॲप उघडून प्रश्नावली भरत बसायचे नसते. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, मानेजवळची किंवा बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, किंवा आराम देणाऱ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर मोबाइलचा उपयोग एकच, रुग्णवाहिका बोलावण्याचा. तोवर मुलाला आडवे न करता बसते ठेवावे आणि आराम देणारा पंप आराखड्यात लिहिल्याप्रमाणे देत राहावा. त्या वेळी ॲप हिरवा रंग दाखवत असेल तरी त्याकडे पाहू नये. तो रंग सकाळी भरलेल्या उत्तरांचा असू शकतो.